अनसामावशीचं व्हय

आमच्या अनसामावशीला लग्नपत्रिका द्यायला जायचं म्हणजे हातात अर्धा तास मोकळा ठेवूनच जावं लागे. ती पत्रिका उंबऱ्यातच उघडायची आणि वरच्या गणपतीपासून खालच्या ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं’पर्यंत सगळी मोठ्यांदा वाचायची. मधे मुहूर्ताची वेळ चुकलेली सापडली की यजमान तिथल्या तिथे गार. गोळ्यांचं पाकीट, एसटीचं तिकीट, खताच्या पोत्यावरचा बारीक मजकूर, काहीच तिच्या तावडीतून सुटत नसे. कुणी म्हणालं, “अगं, घे की पटकन,” तर तिचं ठरलेलं उत्तर असायचं. “वाचल्याबिगर व्हय म्हनायचं न्हाई. व्हय म्हनाया येक घडी लागती, निस्तराया जलम जातो.”

ही सवय तिला देहूरोडच्या लष्करी डेपोने लावली. नवरा तिथे कामाला होता. तो अचानक गेला आणि त्याच्या जागेवर सातवी पास अनसामावशी स्टोअरमधे लागली. पुढची सत्तावीस वर्षं तिने गाड्यांचे सुटे भाग मांडण्यात आणि मागणीप्रमाणे देण्यात काढली. इंग्रजी चिठ्ठ्या वाचायला ती तिथेच शिकली, कुणाला न विचारता, डब्यावरचं नाव आणि डब्यातली वस्तू ताडून बघत. निवृत्त झाल्यावर बेडश्याला माहेरच्या जागेत आली. वडिलांनी जिवंतपणीच तिला दोन खोल्या बांधून दिल्या होत्या, त्यांत राहू लागली. आमचं घर तिच्या परसाला लागून. मी हिंजवडीत सॉफ्टवेअरमधे नोकरी करते, आठवड्यातले तीन दिवस घरून. त्यामुळे माझ्या ऑफिसच्या मीटिंगांमधे अनसामावशीचा आवाज पुष्कळदा हजर असायचा. आवाज तरी कसला! ओट्यावर उभं राहून हाक मारली की डोंगरातल्या लेण्यांच्या पायऱ्या चढणारे पर्यटक मागे वळून बघायचे.

तो आवाज गेला. घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांना तिचं स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. जीव वाचला, हे खरंच मोठं. पण घरी आली ती गळ्यात पाटी अडकवून. काही सांगायचं झालं की पाटीवर लिहायची, जशी बोलायची तशीच. पहिल्यांदा लोकांनी कौतुकाने वाचलं. महिन्याभरात कौतुक संपलं. तिचं लिहून होईपर्यंत दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळायचा. बचत गटाच्या बैठकीत तर कमालच झाली. ती मान खाली घालून लिहीत होती आणि अध्यक्षीणबाईंनी जाहीर करून टाकलं, “अनसाबाईंची काही हरकत दिसत नाही.” मावशीने पाटी अशी आपटली की चौकटीचा कोपरा उडाला. मग पहिलं पुसून नवं लिहिलं आणि तीच पाटी सगळ्यांपुढे धरली. तिच्यावर लिहिलं होतं, “माझं तोंड गेलंय. मत न्हाई गेल्यालं.”

त्यातच तिचा भाचा दत्ता हक्कसोडपत्राचं घेऊन आला. वडिलांच्या मागे त्यांच्या जमिनीत मावशीचाही हिस्सा होता. आपल्याकडे भावाबहिणींचं हे ठरलेलंच असतं. बहिणीने सही करायची, साडी घ्यायची आणि गप बसायचं. मावशीची ना नव्हती. भाऊ गेला होता, दत्ता कष्टाळू होता, शेत तोच कसत होता. तिने मसुदा मागवून घेतला, दोनदा वाचला आणि एकच अट घातली. तिच्या दोन खोल्या आणि परस ह्यातून वगळायचं. दत्ता म्हणाला, “व्हय आत्या, तसंच करू.” वडगावला दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जायचा गुरुवार ठरला. मधे तीन आठवडे होते.

त्या संध्याकाळी ती आमच्याकडे आली आणि पाटी माझ्यापुढे ठेवली. “वैशे, तितं सायेब इचारनार, राजीखुशीनं देता का? मी पाटीवर लिवंपातुर भाचा म्हननार, आत्या मान हलवती. मंग संपलं.” मी म्हटलं, “मावशी, दत्ता काही वाईट नाही.” तिने पुसलं आणि लिहिलं, “दत्ता वाईट न्हाई. घाईत हाय. मला बोलाया पायजे.”

मला काय, मी म्हटलं, एवढंच ना! तिच्या फोनमधे लिहिलेलं वाचून दाखवणारं एक फुकटचं ॲप टाकून दिलं. दुसऱ्या दिवशी ती फोन घेऊन दारात. तिने लिहिलेलं बोलण्याआधी ॲप साबणाची जाहिरात ऐकवायचं. वर, तिने ‘न्हाई’ लिहिलं की ते आपल्या मनाने ‘नाही’ करायचं. आणि रेंज गेली की तेही मुकं. मावशीने लिहिलं, “माज्या आदी साबनवाला बोलतो. आन मी बोलल्यालं सुदारतो. ह्यो कोन लागून गेला?”

माझ्याकडे एक जुना फोन पडून होता. त्याच्यावर मी हौसेने लिनक्स चढवलं होतं. नवरा त्याला ‘सवत’ म्हणतो, कारण सुट्टीचा दिवस त्याच्यातच जातो. लिनक्स म्हणजे फोन चालवणारी अशी व्यवस्था, की हवं ते सॉफ्टवेअर आपणच हुकूम लिहून मागवायचं आणि बसवायचं. ह्या सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांना पॅकेज म्हणतात. मधे दुकान नाही, जाहिरातवाला नाही आणि एकदा बसलं की रेंजचीही गरज नाही. मराठी बोलणारं पॅकेजही त्यात होतं. मी मावशीला हे समजावत होते आणि मनात म्हणत होते, हिला काय कळणार, मीच करून देईन. देवा, माझी ती अक्कल!

पहिला हुकूम दिला. पडद्यावर यादी आली. एक पॅकेज मागितलं होतं आणि ते म्हणत होतं, आणखी नऊ लागतील. मी सांगायला तोंड उघडलं, तोवर मावशीची पाटी पुढे आली. “पंप मागितला तर पट्टा, बोल्ट, वायसर बी द्यावं लागतं. निस्ता पंप काय उशाला घ्यायचाय?” कॉलेजात आम्हाला हे शिकवायला सरांनी आख्खा तास घेतला होता. मग तिने फोन माझ्या हातातून काढून घेतला तो कायमचाच. फोनची भाषा मराठी करायला लावली, का तर “कागुद माझ्या भाशेत पायजे.” मराठीत आल्यावर ‘पॅकेजेस संस्थापित होतील’ हे वाचून तिचे खांदे हसण्याने गदगदा हलायला लागले. “संस्थापित? काय पतपेढी काढायची हाय का? बसिवनार म्हन की सरळ.”

दुसऱ्या दिवशी मी घाई केली. कळफलकाचं एक पॅकेज जुनं झालं होतं, ते काढून नवं घालू म्हणून हुकूम दिला आणि नेहमीसारखं न वाचताच पुढे जाणार, एवढ्यात तिने माझं मनगट धरलं. तिचं बोट यादीवरून खाली सरकत गेलं आणि एका ओळीवर थांबलं. वरची यादी ‘बसवायच्या’ वस्तूंची होती, खालची ‘काढून टाकायच्या’. खालच्या यादीत फोनचा आख्खा पडदा चालवणारं पॅकेज होतं. ते गेलं असतं तर फोन काळा ठिक्कर. मी पंधरा वर्षं ह्या धंद्यात आहे. मावशीने नुसतं माझ्याकडे बघितलं. डेपोत तिच्या हाताखाली काम करणाऱ्यांची मला दया आली.

ह्या सगळ्यात बोलणारं पॅकेज बसवायचं राहूनच गेलं होतं आणि तिथेच आमचं घोडं जे अडलं ते अडलं. मला तीन दिवस हिंजवडीला जावं लागलं. मावशीला सगळं शिकवून गेले होते. हुकूम असा द्यायचा, यादी वाचायची आणि शेवटी फोन विचारतो ‘पुढे जायचे आहे?’ तिथे होकार द्यायचा. मी सांगितलं होतं, “मावशी, काही न लिहिता नुसतं एंटर दाबलं तरी चालतं. तो होकारच समजतो.” त्यावर ती भडकली. खडू मोडेस्तोवर जोरात लिहिलं, “म्हंजे गप बसलं की व्हय? मान्सं माझ्यासंगं हेच करत्यात. मी लिवूनच सांगनार.”

तिकडून तिचे मेसेज येत राहिले. ‘रद्द झालं.’ ‘परत रद्द.’ मी विचारलं, होकार लिहिला का? तिचं उत्तर आलं, ‘व्हय लिवलं. रद्द झालं.’ मी म्हटलं, लिहिलंय तर मग नेटचा घोळ असणार. नेट तपासून झालं, मग जागा कमी पडतेय म्हणून जागा तपासली, मग पॅकेजची आवृत्ती. ऑफिसातल्या दोन शहाण्यांना कामाला लावलं. तिघांनी मिळून जेवणाच्या सुट्ट्या घालवल्या. गुरुवार सहा दिवसांवर आला होता आणि मी पहिल्यांदा घाबरले. बसमधे बसून वाटत होतं, ह्या म्हातारीला मी भलतंच आशेला लावलं.

घरी पोचले तर मावशी ओट्यावर बसलेली. चेहऱ्यावर डेपोत चोर पकडल्यासारखा भाव. पाटी आधीच लिहून तयार होती. “न्हाई लिवलं, रद्द. व्हय लिवलं, तरी बी रद्द. होय लिवलं, झालं सुरू! ह्याला पुन्याचं होय कळतं, आपलं व्हय कळत न्हाई.”

मी माझा फोन काढून तिचे मेसेज परत उघडले. ‘व्हय लिवलं’ हा तिचा मेसेज मी वाचला होता. मला वाटलं, ती म्हणतेय की होय, लिहिलं. आणि ती बिचारी सांगत होती की मी ‘व्हय’ असं लिहिलं! ह्याच गावात जन्मले, आईच्या तोंडून दिवसातून शंभरदा व्हय ऐकते आणि मला कळलं नाही. शिकून शिकून माझे कानही पुण्याचे झाले की काय!

फोनमधे एक फाइल असते. मराठी माणसाचा होकार कुठल्या अक्षराने सुरू होतो, हे तिच्यात लिहून ठेवलेलं असतं. आम्ही दोघींनी ती उघडून पाहिली. ‘ह’ होता, इंग्रजीतला वाय होता, एकचा आकडासुद्धा होता. ‘व’ नव्हता. नकाराच्या ओळीत मात्र ‘न’ होता, म्हणून ‘न्हाई’ त्याला पहिल्यापासून कळत होतं. ते बघून मावशीने लिहिलं, “बाईचं न्हाई कुनाला कळत न्हाई. ह्याला तेच आदी कळलं. यंत्र शानं हाय.”

मी म्हटलं, “मावशी, होय लिहून काम होतंय, तर होय लिहू.” तिने मान हलवली नाही. तिने मान हलवणं सोडूनच दिलं होतं. पाटीवर लिहिलं, “त्याला शिकीव.” मग मी त्या ओळीत ‘ह’च्या शेजारी ‘व’ घातला आणि फोनला ती फाइल नव्याने घोटायला लावली. मावशीने हुकूम दिला, यादी वरपासून खालपर्यंत वाचली, प्रश्न आला. तिने एकेक अक्षर दाबत लिहिलं, व्हय. आणि ओळी धावायला लागल्या! एक बसलं, दुसरं बसलं, दहाच्या दहा पॅकेजेस बसली. मी अशी किंचाळले की आई आतून काठी घेऊन आली, “काय गं, साप निगाला का?” मावशी टाळ्या वाजवत होती. पंधरा वर्षांत मी ढिगाने कोड लिहिलंय, पण त्या एका ‘व’चा जेवढा गर्व आहे ना, तेवढा कशाचाच नाही.

मग तिने बोलायचं ठरवलं. आम्ही दोघी जवळ बसलो. तिने काय लिहिलं ते मला दिसू दिलं नाही. फोनमधून पत्र्याच्या रिकाम्या डब्यात तोंड घालून बोलावं तसा आवाज आला, “वैशे, चा ठेव.”

मी चहा ठेवायला आत गेले आणि ओट्याला धरून रडले. सहा महिन्यांनी तिने मला हाक मारली होती.

आवाज निवडण्यावरून पुन्हा दोन दिवस गेले. त्यात गड्याचाही आवाज होता, बाईचाही. बाजारात आणि एसटी स्टँडवर ती गड्याचा लावायची. “पटकन ऐकत्यात,” असं तिचं कारण. कंडक्टर एकदा मागे वळून ‘कोण ते, पुढे व्हा’ म्हणून ओरडला होता. पण गुरुवारी सकाळी निघताना तिने बाईचा आवाज लावला, खर्जात उतरवला, वेग वाढवला. म्हणाली, म्हणजे फोन म्हणाला, “आज मी सवता बोलनार हाय.”

वडगावच्या कार्यालयात गर्दी होती. दत्ता होता, कागद तयार करणारा त्याचा एजंट होता. मावशीने येताच कागद वाचायला मागितला, तर एजंट म्हणाला, “मावशी, तुम्ही घरी वाचलाय तोच आहे. नंबर येईल आता.” आणि आलाच. आम्ही साहेबांपुढे उभे राहिलो. साहेबांनी कागद पाहिला, मावशीकडे पाहिलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला, “हक्कसोड करून देताय, हे कबूल आहे? राजीखुशीने?”

दत्ता लगेच म्हणाला, “साहेब, आत्याला बोलता येत नाही. ती मान हलवते.”

“न्हाई,” फोन म्हणाला.

आवाज पूर्ण मोठा ठेवलेला होता. बाकावरची माणसं उठून बघायला लागली. मावशीची बोटं भराभर चालत होती. “मान म्या हलवत न्हाई. मला बोलाया येतं. ह्यो कागुद म्या वाचल्याला न्हाई. भाच्यानं वाचून दावावा.”

साहेब भला माणूस. त्यांनी मागच्या रांगेकडे पाहिलं, मग कागद दत्ताकडे सरकवला. “वाचून दाखवा. त्यांचा हक्कच आहे तो.”

दत्ता वाचायला लागला, भडाभडा, मंगलाष्टकं उरकावीत तसा. फोन म्हणाला, “हळू.” दत्ताने वेग कमी केला. पहिलं पान झालं, दुसरं झालं. तिसऱ्या पानावर तो ‘सदर मिळकतीतील दोन खोल्यांचे घर, ओटा व परस यांसह’ इथवर आला आणि थांबला. तेच त्याने पुन्हा मनात वाचलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. एजंटाकडे वळून म्हणाला, “हे काय? आत्याचं घर सोडायचं ठरलं होतं ना?” एजंट पुटपुटला, “छापील मजकूर असतो भाऊ, सगळ्यांचा असाच असतो.” मावशी दत्ताकडे बघत होती. रागाने नाही, तो पुढे काय बोलतो ह्याची वाट बघत.

“साहेब, हे चुकलंय,” दत्ता म्हणाला. “हे नका नोंदवू.”

“तुम्ही काय म्हणता?” साहेबांनी विचारलं. दत्ताला नाही, मावशीला.

फोन म्हणाला, “न्हाई म्हनते. दुरुस्त करून आना, मंग इचारा.”

साहेबांनी कागद परत दिला. मागून एका म्हातारीने “शाबास गं बाय!” म्हणून आरोळी ठोकली. मला तर वाटत होतं, तिथल्या तिथे फुगडी घालावी. स्टँडवर दत्ता खाली मान घालून म्हणाला, “आत्या, आईशप्पत, मी वाचलंच नव्हतं.” फोनने उत्तर दिलं, “ठावं हाय. म्हनून तर तुला वाचाया लावलं.” मग तिनेच त्याला वडापाव खायला घातला. पुढच्या आठवड्यात दत्ताने नवा कागद आणला, बेडश्यातच ओट्यावर बसून स्वतः मोठ्यांदा वाचला आणि वडगावला जाऊन मावशीने तिचं शेत त्याला राजीखुशीने दिलं. घर आणि परस तिचंच राहिलं.

मला वाटलं, झालं माझं काम. मावशीचं नुकतं सुरू होत होतं. एका बुधवारी मला मेसेज आला, ‘आनकी चार पॅकेज बसिवली. यादी वाचली. काडून टाकायचं कायबी नव्हतं.’ तिने शोधून शोधून कागदाचा फोटो काढला की त्यातली अक्षरं ओळखणारं पॅकेज बसवलं होतं आणि ते बोलणाऱ्या पॅकेजला जोडून दिलं होतं. कसं जोडलं विचारलं तर म्हणाली, “पंपाला पाइप जोडत्यात तसं.” आता तिच्या फोनपुढे कुठलाही छापील कागद धरा, फोन तो मोठ्यांदा वाचतो. चुका करतो, गटाला गढ म्हणतो, पण वाचतो.

मागच्या रविवारी तिच्याकडे डोकावले. ओट्यावर पाचसहा बायका बसल्या होत्या, बहुतेक सगळ्या अंगठेबहाद्दर. हिराबाई नावाच्या एकीने सोडपत्र आणलं होतं. भावांनी सकाळी दिलेलं, संध्याकाळी अंगठा न्यायला येणार होते. फोन वाचत होता, मावशी शेजारी शेंगा सोलत होती. ‘...मी माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, माझा संपूर्ण हक्क कायमचा...’

हिराबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि फोनवर बोट रोखलं.

“थांब रे,” ती म्हणाली. “ते परत वाच.”